नळ बंद केल्याचे बारा फोटो

आमच्या चांगी बिझनेस पार्कातल्या ऑफिसात बर्फ उपसायची दोन फावडी आहेत. तळमजल्यावरच्या स्टोअरमध्ये, फिनेलच्या कॅनमागे, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर न काढलेली. ती मीच मागवली. आमच्या कंपनीची मुख्य कचेरी ज्या देशात आहे तिथे वर्षातले पाच महिने बर्फ असतो. तिथून दर ऑक्टोबरात 'हिवाळ्याची तयारी' अशी साठ प्रश्नांची यादी जगभरातल्या आमच्या प्रत्येक इमारतीला जाते. पाइपांना आवरण गुंडाळलंय का, बॉयलर तपासलाय का, हीटिंगच्या पाण्यात अँटिफ्रीझ घातलंय का, फावडी आहेत का. पहिल्या वर्षी सिंगापूरच्या इमारतीसाठी मी साठही ठिकाणी 'लागू नाही' असं लिहिलं आणि काम फत्ते झालं असं समजून जेवायला गेले. परत आले तर अख्खी यादी लाल होऊन परत आलेली. 'लागू नाही' असं उत्तर त्यांच्या संगणकाला मान्यच नव्हतं.

मी मुख्य कचेरीला फोन लावला. पलीकडची बाई अतिशय नम्र होती. मी म्हटलं, "आमच्याकडे हिवाळा नसतो." ती म्हणाली, "समजलं. पण आलाच, तर तुमची पर्यायी योजना काय?" मी फावडी मागवली. मंजुरी दुसऱ्याच दिवशी आली. त्याच स्टोअरसाठी एक धड शिडी मिळावी म्हणून आमचा टेक्निशियन आठ महिने अर्ज करत होता. शिडी अजून आलेली नाही.

फावड्यांची ही गोष्ट मी फार रंगवून सांगते. आंग मो किओतल्या शेजारणींना सांगितली आहे, दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मंडळींना सांगितली आहे, सगळे पोट धरून हसतात. तिचा पुढचा भाग मात्र मी कधी सांगत नाही. कोरियातल्या एका चौसष्ट वर्षांच्या माणसाची नोकरी आणि राहतं घर, दोन्ही एका हिवाळ्यात माझ्या हातात येऊन पडलं होतं. त्याचं मी काय केलं, ते आज लिहिते.

मी सोलापूरची. आमच्याकडे आठ महिने उन्हाळा असतो आणि उरलेले चार महिने जरा कमी उन्हाळा. बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याची गोणपाटात गुंडाळलेली लादी, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. पुढे मेकॅनिकल इंजिनिअर झाले, लग्न झालं, नवऱ्यामागोमाग सिंगापूरला आले आणि स्वतःच्या हिमतीवर एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथला नोकरीचा परवाना, मिळवून इमारतींची देखभाल बघू लागले. मुख्य कचेरीच्या नकाशावर आशिया नावाचा एकच चौकोन आहे. त्या चौकोनाची देखभाल चांगीतून होते. म्हणून दक्षिण कोरियाच्या उत्तर भागात, डोंगरातल्या एका गावी आमचं जे तीन मजली प्रशिक्षण केंद्र आहे, त्याच्या हिवाळ्याची जबाबदारी सोलापूरच्या बाईवर आली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हे. फरक एवढाच की मी शेळी कधी पाहिलेलीच नव्हती.

त्या इमारतीचे केअरटेकर म्हणजे वर सांगितलेले गृहस्थ. बारा वर्षं ते तिथे होते. इमारतीच्या मागे दोन खोल्या होत्या, त्यात ते आणि त्यांची बायको राहायची. खोल्या नोकरीबरोबरच्या, नोकरी एजन्सीमार्फत, आणि एजन्सीचा करार दरवर्षी फेब्रुवारीअखेर माझ्या शिफारशीवर नवा होणार. मी त्यांना 'सर' म्हणायची, ते मला 'मॅडम' म्हणायचे. हुकूम सोडताना 'सर' म्हटलं की आपण फार सभ्य वाटतो, हे मी सिंगापुरात शिकले. नोव्हेंबरात त्यांनी मला एकदाच काही मागितलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, अजून दोन वर्षं. मग गावी जातो. तिथे मेहुणा खोली बांधतो आहे. आत्ता गेलो तर घर नाही." मी म्हटलं, "सर, काही काळजी करू नका." एखाद्याची काळजी आपल्या अंगावर घ्यायला किती कमी शब्द लागतात.

आता माझ्या शहाणपणाबद्दल. पाइपांतलं मला काही कळत नव्हतं असं नाही. सिंगापूरच्या ऑफिसात थंडी भरपूर असते, ती आम्ही वीज जाळून तयार करतो. बाहेर घामाच्या धारा आणि आत सगळ्या बायका शाली पांघरून बसलेल्या. ही थंडी ज्या पाण्यातून येते त्याचे पाइप छतातून फिरतात, आणि त्यांच्यावरचं काळं फोमचं आवरण फाटलं की पाइपाला घाम सुटून तो थेट अकाउंट्सवाल्यांच्या डोक्यावर पडतो. दहा वर्षं मी ती आवरणं बघत आले. त्यामुळे पाइपाला नीट जाकीट घातलं की आपलं काम संपलं, अशी माझी पक्की श्रद्धा होती. कोरियातल्या सगळ्या पाइपांना जाकिटं होती. यादीवर साठपैकी साठ हिरवे. आवरणाने थंडी आत शिरायला वेळ लागतो, ती कायमची अडत नाही, आणि पाणी एका जागी उभं राहिलं तर उशिरा का होईना गोठतंच, हे यादीत नव्हतं. मेलेल्या माणसाला शाल पांघरली म्हणून तो ऊबदार होत नाही. हे मला कळायला हवं होतं, मी इंजिनिअर आहे.

त्या वर्षी आशियातल्या ऑफिसांमध्ये 'हरित कार्यालय' नावाची स्पर्धा होती. कोण किती वीज वाचवतं, किती पाणी वाचवतं. आमच्या साहेबांना ती जिंकायची होती. साहेब पुण्याचे, बावीस वर्षांपूर्वी आलेले, आता इथले नागरिक. शहरातल्या तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात बसतात आणि आठवड्यातून एकदा चांगीला येऊन आम्हाला दर्शन देतात. आम्ही दोघंच असलो की मराठीत बोलतात, आणि मी सोलापूरची असल्याने जरा सावकाश बोलतात. "पाणी हा तुझा विषय," ते म्हणाले होते. "तुम्हा लोकांना त्याची किंमत असते." मी ते कौतुक म्हणून घेतलं.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कोरियाच्या पाण्याचा आलेख बघताना माझ्या कपाळावर आठी आली. रविवारी इमारत बंद, माणूस नाही, तरी पाणी चाललेलं. सकाळी दहाला मी व्हिडिओ कॉल लावला. केअरटेकर फोन घेऊन मला उत्तरेकडच्या स्वच्छतागृहांत घेऊन गेले आणि त्यांनी अगदी अभिमानाने दाखवलं: एकेका नळाला सुतासारखी धार. बाराच्या बारा नळांना.

"मॅडम, मोठी थंडी येते," ते म्हणाले. "पाणी थोडं थोडं जातं. पाइप बरा राहतो."

माझं डोकंच फिरलं. आमच्या घरी चार दिवसांआड पाणी यायचं. पिंपं, घागरी, पातेली, शेवटी तांबे आणि फुलपात्रीसुद्धा भरून ठेवायचो. नळ गळला की घरातली लक्ष्मी जाते, असं आई म्हणायची, आणि बाबा तर एकदा दुसऱ्याच्या लग्नात भर पंगतीतून उठून मांडवामागचा वाहता नळ बंद करून आले होते. पान तसंच वाढलेलं, वरपक्ष बघतोय, आणि हे हात पुसत परत येतायत. आम्हा भावंडांना त्याची लाज वाटली नव्हती. आज माझी मुलगीही दात घासताना मी नळ चालू ठेवला तर ओरडते, "आई, ऑफ द टॅप लाह!" शाळेत तेच शिकवतात. म्हणजे तीन पिढ्यांचं पुण्य माझ्या बाजूला, आणि समोर बारा उघडे नळ.

मी म्हटलं, "सर, हा निव्वळ अपव्यय आहे. पाइपांना आवरण आहे. यादीत नळ उघडे ठेवा असं कुठेही लिहिलेलं नाही."

त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे बर्फ आहे?"

"नाही."

"माझ्याकडे आहे."

एवढंच बोलले. आवाज चढवला नाही, काही नाही. मला मात्र तो उद्धटपणा वाटला. जास्त खरं सांगायचं तर ते मला खोलवर झोंबलं, कारण ते बरोबर होतं. मी कॉल बंद केला आणि चॅटवर लिहिलं: सर, कृपया सर्व नळ पूर्ण बंद करा आणि प्रत्येक नळाचा फोटो पाठवा. 'कृपया' लिहायला मी विसरले नाही.

अर्ध्या तासात बारा फोटो आले. प्रत्येक नळ पुसून लख्ख केलेला, खाली कोरडं बेसिन. मी ते फोटो 'हरित कार्यालय'च्या सादरीकरणात दोन ओळींत सहा-सहा असे लावले. साहेब म्हणाले, "वा! याला म्हणतात शिस्त."

नव्या वर्षाच्या सुट्टीत केंद्र चार दिवस बंद होतं. यादीत सांगितल्याप्रमाणे केअरटेकरांनी हीटिंग कमीतकमीवर ठेवलं. बाहेर मोठी थंडी आली, त्यांनी सांगितली होती तीच. पाइप गोठला की लगेच काही कळत नाही, हे मला तेव्हा समजलं. बर्फ फुगतो, पाइप फाडतो आणि स्वतःच बूच होऊन गप्प बसतो. सोमवारी सकाळी लोक येणार म्हणून हीटिंग वाढवलं आणि बर्फ वितळला. उत्तरेच्या भिंतीतले पाइप तीन ठिकाणी फुटले होते. वरच्या मजल्याचं पाणी खालच्या प्रशिक्षणाच्या दालनात आलं, छताचे तुकडे पडले, लाकडी जमीन पापडासारखी फुगली. केअरटेकरांनी मुख्य व्हॉल्व्ह बंद केला आणि दिवसभर, चौसष्टाव्या वर्षी, त्या बर्फाच्या पाण्यात उभं राहून पाणी उपसलं. संध्याकाळी त्यांनी फाटलेल्या पाइपाचे फोटो पाठवले. सोबत एक शब्दही नव्हता. 'मी म्हटलं नव्हतं का' असं त्यांनी लिहिलं असतं तर मला तेवढाच आधार मिळाला असता, उलट रागवायला.

दुसऱ्या दिवशी साहेब चांगीला आले. तो त्यांच्या वारीचा दिवस नव्हता, म्हणजे प्रकरण गंभीर. त्यांनी मीटिंग रूमचं दार लावलं.

"नळ बंद करायला तू सांगितलंस, ते कुठे लिहून दिलंयस का?"

"चॅटवर आहे, सर." मी फोन त्यांच्यासमोर धरला.

"ती चॅट कुणीकुणी वाचली आहे?"

"मी आणि केअरटेकर. आणि आता तुम्ही."

"मग झालं तर," साहेब म्हणाले. मग अगदी मायेने त्यांनी विचारलं, "तुझा पास मार्चमध्ये रिन्यू व्हायचाय ना? आणि लेकीचं सहावीच्या बोर्डाचं, पीएसएलईचं वर्ष?"

त्यांनी धमकी दिली असती तर मी भांडले असते. मी भांडू शकते, सोलापूरची आहे. पण त्यांना माझी खरोखरच काळजी वाटत होती. मी मान हलवली.

अपघाताच्या अहवालात 'मूळ कारण' असा एक रकाना असतो. त्यात आपण काही लिहायचं नसतं, तयार उत्तरांतून एक निवडायचं असतं. यंत्रातला बिघाड. नैसर्गिक आपत्ती. कंत्राटदाराचा निष्काळजीपणा. इतर. मुख्य कचेरीने बर्फापासून भूकंपापर्यंत सगळ्याचा विचार केला होता. मॅनेजरबाईंचा मूर्खपणा तेवढा राहून गेला होता. मी 'इतर' निवडलं. त्यासरशी खाली एक रिकामी चौकट उघडली: आपल्या शब्दांत स्पष्ट करा. मी लिहिलं, 'नळ बंद करायला मी सांगितलं.' पाच शब्द. चॅटसह बाकी सगळे पुरावे माझ्याकडेच होते, हे एक वाक्य लिहून सबमिट दाबलं की त्या माणसाचं घर राहिलं असतं. माझं काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. कदाचित एक कडक मेल. किंवा पास गेला असता, पोरीला ऐन परीक्षेत शाळेतून काढून सोलापूरला नेलं असतं. मला भीती वाटली. तिला दुसरं काही नाव द्यायची माझी इच्छा नाही. मी ते वाक्य खोडलं आणि 'कंत्राटदाराचा निष्काळजीपणा' निवडलं. चौकट आपोआप मिटली.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती. त्यातला चोर कधीच काही बोलत नाही, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

संन्याशाचीही जबानी घेतात. एजन्सीने केअरटेकरांकडून लेखी मागवली आणि तिचं भाषांतर माझ्याकडे आलं. दोन ओळी होत्या: 'नळ मी बंद केले. इमारतीत जो माणूस असतो, जबाबदारी त्याची असते.' माझा उल्लेख नव्हता, चॅटचा नव्हता. का नव्हता, ते मी आजवर समजून घ्यायचा प्रयत्न करते आहे. कदाचित त्यांच्याकडे तशी रीत असेल. कदाचित त्यांना वाटलं असेल की मॅडमचं नाव नाही घेतलं तर मॅडम फेब्रुवारीत आठवण ठेवतील.

फेब्रुवारीत एजन्सीची मेल आली: सदर कर्मचाऱ्याचा करार पुढे चालू ठेवण्याचा विचार नाही, आपली काही हरकत असल्यास पाच दिवसांत कळवावे, अन्यथा संमती गृहीत धरली जाईल. म्हणजे मला काही करायचंही नव्हतं. मी नुसतं बसून राहायचं होतं. ते पाच दिवस मी विलक्षण कामसू झाले, जुन्या फायली लावल्या, चौथ्या मजल्यावरच्या पाइपांची आवरणं स्वतः जाऊन तपासली. सहाव्या दिवशी संमती गृहीत धरली गेली.

मार्चमध्ये त्यांचा शेवटचा संदेश आला. 'मॅडम, आज चावी दिली. नवीन पाइप चांगला आहे. थँक यू.' मेहुण्याची खोली झाली का, आता जाणार कुठे, बायकोचं कसं, विचारण्यासारखं पुष्कळ होतं. मी त्यावर अंगठा पाठवला. तो पिवळा, वर केलेला. त्याच आठवड्यात माझा पास दोन वर्षांसाठी नवा झाला आणि आम्ही मुलीला घेऊन बाहेर जेवायला गेलो.

पुढच्या ऑक्टोबरात नवी यादी आली. तिच्यात एकसष्टावा प्रश्न होता: कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या भिंतीलगतच्या नळांना बारीक धार सोडण्याची व्यवस्था केली आहे का? खाली तिरप्या अक्षरांत: सिंगापूर कार्यालयाच्या अनुभवातून. साहेबांनी ती ओळ मोठी करून सगळ्यांना पाठवली. "बघ," ते म्हणाले, "ज्या देशात बर्फ नाही त्याने जगाला बर्फ शिकवला." मग मला ऑनलाइन प्रशिक्षण द्यावं लागलं. वाहतं पाणी सहजी गोठत नाही, आणि धार चालू असली की पाइपातला दाबही वाढत नाही, हे मी चित्रांसकट समजावून सांगितलं. एका थंड देशातल्या बाईने नम्रपणे हात वर करून म्हटलं की हे त्यांच्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं, पण इतक्या व्यवस्थित कुणी मांडलं नव्हतं. हे कुणी सुचवलं, असंही तिने विचारलं. मी म्हटलं, "आमच्या टीमने." सिंगापूरच्या यादीत एकसष्टाव्या प्रश्नापुढे मी 'होय' लिहिलं.

कोरियात आता नवीन केअरटेकर आहे. चाळिशीचा, इंग्रजी स्वच्छ, दोन खोल्यांत बायकोसह राहतो. डिसेंबरात त्याचा कॉल आला. ऑडिट जवळ आलं होतं आणि बॉयलर रूमच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता, आधीच्या माणसाच्या हातचा. दारांवर काही चिकटवायला नियमात मनाई आहे. काढून टाकू का, असं तो विचारत होता.

"काय लिहिलंय त्यावर?"

त्याने वाचून दाखवलं. "थंडी उणे दहाच्या खाली गेली तर उत्तरेकडचे नळ बारीक सोडा. त्याआधी सिंगापूरच्या मॅडमना विचारा."

तो टोमणा होता की शिस्त, मला कळलं नाही. त्या माणसाला टोमणा मारता येत असेल असं मला वाटत नाही.

"उद्या उणे बारा सांगितलंय," नवा केअरटेकर म्हणाला. "म्हणून विचारतो. सोडू का?"

"सोडा."

"आणि कागद?"

"राहू दे. मी ऑडिटवाल्यांशी बोलते. दुसरं वाक्य तेवढं खोडून टाका."

त्याने बरं म्हटलं. फोन ठेवताना मला वाटत होतं की उशिरा का होईना, आपण त्या माणसाला मान दिला: आता त्यांचा शब्द कुणाच्या परवानगीवाचून चालेल. मग लक्षात आलं की त्यांच्या लिहिण्यातून माझं नाव गळण्याची ही दुसरी वेळ. पहिल्यांदा, जबानीत, त्यांनी ते स्वतःच लिहिलं नव्हतं. या वेळी मी सांगून खोडायला लावलं.